उचलून घेऊ, म्हणालात

मा. स्वागताध्यक्ष, मा. कार्याध्यक्ष आणि सर्व समित्यांचे मा. निमंत्रक यांस,


हे पत्र उघडं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून पाठवलेल्या पत्राची साधी पोचही तुमच्याकडून आली नाही. संमेलनाचं आणि गावाचं नाव घालत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. इतर गावांतल्या आयोजकांना वाचताना ‘हे आपल्याबद्दल तर नाही?’ अशी शंका आली, तर तीही वाया जायची नाही.

तुमच्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब अवश्य यावे’ असं छापलं होतं. ते खरं मानून आम्ही निघायची तयारी सुरू केली. कुटुंब म्हणजे मी, माझे यजमान, सात वर्षांची लेक आणि माझे वडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून ते व्हीलचेअरवर असतात. आमच्याबरोबर माझी एक मैत्रीणही येणार होती. ती शाळेत मराठी शिकवते. तिला जन्मापासून दिसत नाही.

अण्णा कोल्हापुरातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवायचे, पान बांधायचं, उलटी अक्षरं सुलट असल्यासारखी झरझर वाचायची, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ऑफसेट आला, खिळ्यांच्या केसा भंगारात निघाल्या, तेव्हा त्याच छापखान्यात ते मुद्रितं तपासायला बसले. संमेलनं त्यांनी कधी चुकवली नाहीत. सांगलीला २००८ साली म. द. हातकणंगलेकर अध्यक्ष होते, तेव्हा ते पूर्ण वेळ मांडवात बसून होते. चिपळूणला २०१३ साली नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते, तेव्हा एसटीनं घाट उतरून गेले आणि शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपले. व्यासपीठावरच्या माणसांशी ओळख काढायला ते कधी गेले नाहीत. भाषणं ऐकायची, ग्रंथप्रदर्शनात गाळ्यागाळ्यावर थांबून पुस्तकांची छपाई बघायची, घरी येऊन स्मरणिकेच्या समासात लाल पेनानं चुका काढायच्या. तुमची पत्रिका त्यांच्या हातात दिली, तर डाव्या हाताचं बोट ‘दिपप्रज्वलन’वर ठेवून म्हणाले, “दी दीर्घ.” आणि मग, “जाऊ या.”

त्या ‘जाऊ या’नंतर काय काय करावं लागतं, हे तुम्हाला सांगायचं आहे. चालत्या-फिरत्या माणसाला संमेलनाला जाण्यासाठी रजा आणि तिकीट पुरतं. आमच्यासारख्यांना त्या जागेचा नकाशाच हाती असावा लागतो. गाडी कुठपर्यंत येते? तिथून मंडप किती लांब? वाटेत डांबर आहे की मुरूम? प्रदर्शनाच्या दोन रांगांमध्ये किती जागा सोडली आहे? स्वच्छतागृहाला पायऱ्या आहेत का, दार किती रुंद आहे, आत खुर्ची वळते का? निवासाची खोली तळमजल्यावर मिळेल का? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी आखणी कोसळते.

म्हणून पत्रिकेवरच्या संपर्क क्रमांकावर फोन केला. ज्यांनी उचलला ते फार गोड बोलले.

“व्हीलचेअर मुख्य मंडपापर्यंत येईल का?”

“या हो ताई, अगदी बिनधास्त या. आपलंच घर आहे.”

“मध्ये पायऱ्या आहेत का?”

“पायऱ्यांचं काय घेऊन बसलात! आपली पोरं आहेत ना. उचलून घेऊ.”

“आणि स्वच्छतागृह?”

“सगळी सोय केलीय. तुम्ही या तर खरं.”

मंडप समितीचा क्रमांक मिळवला. ते म्हणाले, मंडपवाल्याला विचारावं लागेल. निवास समितीनं सांगितलं, खोल्या पहिल्या मजल्यावर आहेत, लिफ्ट नाही, पण पोरं आहेत. प्रत्येकाकडे पोरं होती. मोजपट्टी कुणाकडेच नव्हती. मी मोजपट्टी म्हणते, कारण अण्णांची खुर्ची कडेपासून कडेपर्यंत ६५ सेंटीमीटर आहे आणि ही संख्या मला माझ्या मुलीच्या जन्मतारखेइतकी पाठ आहे. एखादं दार ६० सेंटीमीटरचं असेल तर बाहेर किती प्रेमळ माणसं उभी आहेत, यानं दाराला काही फरक पडत नाही.

तुमच्यापैकी कुणी मला स्पष्ट ‘नाही’ म्हणालं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. “ताई, यंदा उतार नाही, स्वच्छतागृहाला चार लोखंडी पायऱ्या आहेत, मैदानात मुरूम आहे,” एवढं कुणी सांगितलं असतं, तर आम्ही दुसरी वाट काढली असती. फक्त परिसंवादापुरते आलो असतो, किंवा अण्णांना घरीच ठेवून मी पुस्तकं घेऊन गेले असते. अण्णांना नकाराची सवय आहे. घोर लागतो तो ‘या तर खरं’ या आश्वासनाचा, कारण त्यात आमची अडचण पोचल्यावरच कळणार असते.

मैत्रिणीची गोष्ट थोडक्यात सांगते. संपूर्ण कार्यक्रमपत्रिका तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, पण फोटोच्या रूपात. तिच्या मोबाइलवरचं वाचून दाखवणारं अ‍ॅप अक्षरं वाचतं. फोटो समोर आला की ‘इमेज’ म्हणतं आणि गप्प होतं. तुमचा दोन दिवसांचा सगळा कार्यक्रम तिला ‘इमेज, इमेज, इमेज’ असा ऐकू आला. तिनं तोच मजकूर टाइप करून पाठवण्याची विनंती केली, त्यावर तिला हात जोडलेला इमोजी आला. तोही अ‍ॅपनं इमानानं वाचून दाखवला. ती हसली आणि नंतर म्हणाली, मी नाही येत. मराठीत २००८ सालापासून ‘स्पर्शज्ञान’ नावाचं ब्रेल पाक्षिक निघतं, स्वागत थोरातांनी सुरू केलेलं. तिच्या शाळेत ते येतं. म्हणजे न दिसणारा वाचक मराठीत आहे आणि त्याच्यासाठी वर्षानुवर्षं कष्ट उपसणारी माणसंही आहेत. तुमच्याकडे ब्रेल मागितलं नव्हतं. फोटोआधी जो मजकूर कुणीतरी टाइप केलाच होता, तेवढाच मागितला होता.

ती आली नाही. आम्ही आलो.

गाडी तुमच्या पोलिसांनी मंडपापासून बऱ्याच अंतरावर थांबवली. बंदोबस्त होता, मान्य आहे. मग पाहिलं, तर मंडपाच्या मागच्या अंगाला थेट व्यासपीठापर्यंत दाबून सपाट केलेला रस्ता होता. मंत्रिमहोदयांच्या गाड्यांसाठी. आमच्या वाटेवर सुटी खडी होती. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, ती खडीत रुततात आणि खुर्ची पुढे कलंडते. तेव्हा एकच उपाय असतो. खुर्ची फिरवायची आणि मागच्या मोठ्या चाकांवर तोल घेऊन उलटी ओढत न्यायची. यजमानांनी तशी ओढली. अण्णांनी तुमच्या साहित्यनगरीत पाठमोरा प्रवेश केला. कमान, रांगोळी, स्वागताला उभ्या मुली, सगळं त्यांच्या पाठीमागे होतं आणि डोळ्यांसमोर पार्किंग.

मंडपाच्या तोंडाशी शाळेच्या जोत्याच्या तीन पायऱ्या होत्या. एका स्वयंसेवकानं मनापासून धावत जाऊन फळी आणली. फळी असेल चार-साडेचार फुटांची, आणि पायऱ्यांची उंची दीड फूट. उताराचा साधा नियम एकास बाराचा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट हवेत. साडेचार फुटांच्या फळीवर माणूस बसलेली खुर्ची चढवणं म्हणजे तिला मागे उलथण्याचं आमंत्रण. मी नको म्हणाले. मग पोरं आली. चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरली, एकानं हाताच्या दांडीला धरलं. ती दांडी निघणारी असते, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. ती निघाली. अण्णा एका बाजूला कलले, यजमानांनी त्यांना छातीशी धरलं म्हणून निभावलं. पोरांचा राग नाही. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ती बिचारी घामाघूम झाली होती आणि घाबरलीही होती. तुम्ही मला फोनवर ज्यांच्या भरवशावर बोलावलंत, त्यांना तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं, हा माझा राग आहे.

माणसाला उचलतात तेव्हा त्याला काय वाटतं, हे समित्यांच्या बैठकीत कधी निघत नसावं. अण्णांचं वजन ६८ किलो आहे. आयुष्यभरात ते कुणाचं ओझं होऊन राहिल्याचं मला आठवत नाही. शर्ट वर सरकला, पोट उघडं पडलं, ते झाकायला त्यांना एकच हात, आणि त्या हातानं त्यांनी दांडी गच्च धरलेली. बाजूनं शे-दीडशे माणसं आत जात होती. त्यातल्या काहींनी नमस्कार केला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आत ग्रंथप्रदर्शन. एवढ्यासाठीच आलो होतो. गाळ्यांच्या मधली बोळ दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढी, आणि खाली जाजमाखालून वायरी गेलेल्या, दर दहा पावलांवर उंचवटा. पहिल्या चार-पाच गाळ्यांनंतर खुर्ची पुढे जाईना, मागेही वळेना. तिथून दोन हातांवर, अगदी समोरच्या मांडणीत, नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ लावलेलं होतं. अण्णांना ते दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. चाकांच्या खुर्चीवरून आयुष्य उभारलेल्या बाईचं आत्मकथन तुम्ही अभिमानानं विकायला ठेवता आणि तिथपर्यंत चाकाची खुर्ची पोचत नाही. सोनाली नवांगुळ व्हीलचेअरवरूनच लिहितात. सलमांच्या तमिळ कादंबरीच्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. उद्या अशा कुणा लेखकाला तुम्ही व्यासपीठावर बोलावलंत तर? चार फूट उंच व्यासपीठाला अठ्ठेचाळीस फुटांचा उतार लागतो. की त्यांनाही उचलून घ्याल, शाल-श्रीफळासकट?

स्वच्छतागृहाबद्दल लिहू की नको, याचा विचार केला. साहित्याच्या पत्रात हा विषय नको, असं कुणी म्हणेल. पण आमच्या प्रवासाची आखणी याच विषयाभोवती फिरते. अण्णा आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. निघायच्या दिवशी सकाळचा चहा घेत नाहीत. संमेलनाला आलेली कितीतरी म्हातारी माणसं, विशेषतः बायका, हेच करत असतात. विचारून बघा. तुमची फिरती स्वच्छतागृहं लोखंडी पायऱ्यांवर होती, दार अरुंद आणि आत अंधार. शेवटी रस्त्यापलीकडच्या एका मंगल कार्यालयाच्या राखणदारानं आम्हाला आत घेतलं. तिथे उतार होता. दार रुंद होतं. आत भिंतीला धरायला दांडासुद्धा होता. मी नवल केलं तर तो म्हणाला, लग्नाला आजी-आजोबा येतातच की. मंगल कार्यालयाच्या मालकाला जे कळतं ते साहित्यिकांच्या समितीला का कळू नये? मंडपात एकदा मागून पुढे नजर टाका. बहुतेक डोकी पांढरी आहेत. तुमचं संमेलन ज्यांच्या टाळ्यांवर चालतं त्यांचे गुडघे केव्हाच दुखू लागले आहेत.

लेकीचंही सांगायचं राहिलं. तिला ‘बालवाचक मेळावा’ असं सांगून आणलं होतं. तो मुख्य मंडपापासून लांब, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर होता, म्हणजे अण्णा तिच्याबरोबर असणं शक्यच नव्हतं. मेळाव्यात मुलांपुढे मोठी माणसं ओळीनं बसली आणि मोबाइलचे दुष्परिणाम सांगत राहिली. निम्म्यांच्या मांडीवर मोबाइल होता. लेकीनं हात वर करून विचारलं की गोष्ट कधी सांगणार, तेव्हा एका बाईंनी तिला तोंडावर बोट ठेवायला लावलं. साने गुरुजींचं नाव मात्र तेवढ्या वेळात बऱ्याच वेळा निघालं.

आणि वेळ. तुमचं उद्घाटन लांबलं, कारण पाहुणे यायचे होते. सकाळचा परिसंवाद दुपारी गेला, दुपारचा संध्याकाळी. घरी बसून वाचणाऱ्याला ही गंमत वाटेल, ‘संमेलन म्हटलं की असंच’ म्हणून तो सोडून देईल. ज्याच्या गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, ज्याला एकाच बाजूवर फार वेळ बसलं की पाठीला जखमा होतात, ज्याचं पाणी मोजलेलं असतं, त्याच्या बाबतीत दोन तासांचा उशीर म्हणजे कार्यक्रम रद्दच. अण्णांना जो परिसंवाद ऐकायचा होता तो सुरू व्हायच्या आत आम्हाला निघावं लागलं.

मी कायद्याची भाषा बोलणार नव्हते, पण एकदा सांगून ठेवते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. त्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दलच आहे, आणि त्यात सरकारवर व स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकली आहे. सुगम्यतेचे किमान नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. तुमचं मैदान नगरपालिकेचं होतं आणि पत्रिकेवर नगराध्यक्षांचं नाव होतं. पुढचं तुम्ही समजून घ्या.

मराठीत संमेलनाविरुद्ध तक्रारीचं पत्र काही नवं नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकारानं १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५च्या दुसऱ्या सभेला महात्मा फुल्यांना बोलावणं गेलं आणि त्यांनी न येण्याची कारणं सांगणारं पत्र धाडलं. ते पत्र कितीतरी मोठ्या अन्यायाबद्दल होतं, त्याच्या शेजारी माझं हे पत्र ठेवायचा विचारही मनात नाही. पण ज्यांच्याबद्दल आपण बोलतो ते या मांडवात येऊ शकतात का, हा प्रश्न तेव्हापासून मराठी साहित्याच्या दारात उभा आहे. फुल्यांनी निदान जायचं की नाही ते स्वतः ठरवलं. अण्णांच्या बाबतीत ते तुमच्या जोत्यानं ठरवलं.

तुम्ही म्हणाल, पैसे नव्हते. खोटं नसेल. जिल्ह्याचं संमेलन, वर्गणीवर चालणारं. पण मी मागितलेल्या निम्म्या गोष्टींना पैसे लागतच नाहीत. संमेलनाआधी तुमच्यातल्या एकानं रिकामी व्हीलचेअर घेऊन गाडीतळापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत जाऊन यावं आणि जे दिसलं ते पत्रिकेच्या मागच्या पानावर लिहावं. पायऱ्या किती, मुरूम कुठे, स्वच्छतागृह कसं, बसायची जागा कोणती. तेच अक्षरांच्या रूपात मोबाइलवर पाठवावं. एक फोन क्रमांक असा द्यावा, ज्याच्या पलीकडच्या माणसानं ती जागा स्वतः पाहिलेली आहे. आणि मंत्र्यांच्या गाडीसाठी जो रस्ता दाबून घेता, त्याच्या कडेनं आम्हालाही येऊ द्यावं. मंत्री उशिरा येतात, तोवर तो मोकळाच असतो.

प्रतिनिधी शुल्क परत मागत नाही. चहा-नाश्ता चांगला होता.

एका गोष्टीबद्दल मात्र उत्तर हवं आहे आणि ते लेखी हवं आहे. त्या पायऱ्यांवर अण्णांना उचलत असताना तुमच्या प्रसिद्धी समितीनं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो संमेलनाच्या फेसबुक पानावर आला, ‘साहित्यप्रेमाला अडथळा नाही’ अशा ओळीसह. खाली शेकडो अंगठे आणि हृदयं. अण्णांचा कलंडलेला देह, वर गेलेला शर्ट, यजमानांचा घाबरा चेहरा, आणि तुमची पोरं पुढे होऊन कॅमेऱ्याकडे बघणारी. कुणी परवानगी विचारली नव्हती. अण्णांना तो शेजाऱ्यांनी मोबाइलवर दाखवला, कौतुकानं. ते बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी विचारलं की हा काढून टाकता येतो का. मी त्याखाली विनंती लिहिली, ती तुम्ही पुसली. फोटो अजून तिथेच आहे.

तो आज काढा. काढल्याचं मला कळवा, अण्णांच्या नावे वेगळं पत्र पाठवून. पत्ता तुमच्या प्रतिनिधी नोंदवहीत आहे.

कळावे,
तुमच्या संमेलनाची एक नोंदणीकृत प्रतिनिधी